सुखी घरांचा ढीग

चंद्रभानभाऊ गजभिये एखाद्या भिंतीकडे टक लावून उभे राहिले, की त्या घरची माणसं अस्वस्थ होत. यात चंद्रभानभाऊंचा काही दोष नव्हता. उभं आयुष्य त्यांनी घरं पाडण्यात घालवलं होतं, आणि ज्या भिंतीकडे ते अशा नजरेनं पाहत ती बहुधा महिन्याच्या आत जमिनीवर येई. त्यामुळे साखरपुड्याला गेले तरी यजमान त्यांची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडत, आणि पहिला लाडू त्यांच्या ताटात पडे, म्हणजे लक्ष तिकडे राहावं.

घर पाडण्याची त्यांची एक रीत होती. घणाचा पहिला घाव घालण्याआधी ते घरमालकाकडे पाणी मागत. सामान हललेलं असे, नळ उखडलेला असे, तरी कुठूनतरी एक गिलास पाणी येई. रिकाम्या खोलीत उकिडवे बसून चंद्रभानभाऊ ते घोटाघोटानं पीत. याला ते घराचं शेवटचं पाणी म्हणत. रीतीमागे फार मोठं काही नव्हतं. एका मे महिन्यात त्यांना खरोखरच तहान लागली होती आणि त्या दिवशी कोणाला खरचटलंही नाही, एवढंच तिचं मूळ. पण पाणी देणारा माणूस नुसता उभा राहू शकत नाही, तो बोलतो. या कोपऱ्यात आमची पोर पहिल्यांदा उभी राहिली. या खिडकीवरून सासूनं तीन वर्षं अबोला धरला. ही भिंत बाबांनी स्वतः बांधली, म्हणून जरा वाकडी आहे. गिलास रिकामा होईपर्यंत घर भरून जाई. मग चंद्रभानभाऊ उठत, गिलास परत करत आणि सगळं पाडून टाकत.

संध्याकाळी तेच घर त्यांच्या स्वतःच्या सैपाकघरात पुन्हा उभं राही. जयवंताबाई पोळ्या लाटत असत आणि चंद्रभानभाऊ पाटावर बसून दिवसभरात पाडलेल्या घराची हकीकत सांगत. सांगण्याची त्यांना हौस होती आणि हात होता. सासूचा आवाज ते सासूसारखा काढत, धाकट्या भावाचं तोतरेपण जसंच्या तसं उभं करत. जयवंताबाईंनी इतवारी आणि दीक्षाभूमी सोडून नागपूर फारसं पाहिलं नव्हतं, पण आतून त्यांना ते शहर घर न घर ठाऊक होतं. कुठल्या घरात जावई घरजावई होऊन बसला, कुठल्या घरात दागिने पिठाच्या डब्यात सापडले, हे त्या पोळी उलटता उलटता ऐकत. गोष्ट रंगात आली की तव्यावरची पोळी करपे, आणि ती करपलेली पोळी नेहमी चंद्रभानभाऊंच्याच ताटात पडे.

पुढे गुडघ्यांनी साथ सोडली. घण उचलला जाईना. मुलगा पियुष बुटीबोरीच्या कारखान्यात लागला होता, तो म्हणाला, आता घरी बसा. चंद्रभानभाऊ घरी बसले, पण भिंतींकडे पाहत बसले, आणि ते जयवंताबाईंना सोसेना. मग कोणीतरी सांगितलं, कन्हानच्या वाटेवर मलब्याचा कारखाना निघाला आहे, तिथं मलबा ओळखणारा माणूस पाहिजे.

ते तिथं पहिल्या दिवशी गेले ते जरा फुशारकीतच. मलब्यात ओळखायचं काय असतं? पण तिथल्या इंजिनिअर मिनलमॅडमनी त्यांना सगळं फिरून दाखवलं. पोरगी त्यांच्या मुलीच्या, पायलच्या वयाची, पायात जाड बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. ट्रकमधून आलेल्या ढिगातून आधी लाकूड, प्लास्टिक, चिंध्या वेगळ्या होत, सळ्या ओढून काढल्या जात. उरलेलं मोठ्या जबड्याच्या यंत्रात जाई आणि तिकडून गिट्टी आणि वाळू होऊन बाहेर पडे. त्यात सिमेंट आणि वीजघराची राख मिसळून यंत्र ठोकळे दाबून काढी, आणि मग पाणी मारून मारून ते ठोकळे पक्के होत. वीटभट्टी नाही, धूर नाही, शेताची माती खरवडायची नाही, नदीतून रेती उपसायची नाही. मॅडम हे सगळं मन लावून सांगत होत्या आणि चंद्रभानभाऊ पट्ट्यावरून घसरत जाणाऱ्या एका फरशीच्या तुकड्याकडे पाहत होते. त्या तुकड्यावर निळी वेल होती. ती फरशी त्यांनीच कधीतरी फोडली असावी. जन्मभर त्यांना वाटत आलं होतं की घर आपल्यापाशी येऊन संपतं. आता पहिल्यांदाच त्यांनी घराला आपल्या पुढे जाताना पाहिलं.

त्या दिवसापासून माणूस बदलला. पूर्वी ते पाडलेल्या घरांविषयी बोलत, आता ठोकळ्याविषयी बोलू लागले. पिशवीत एक ठोकळा असल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. एका लग्नात आहेर म्हणून त्यांनी दोन ठोकळे दिले, वर चमकीचा कागद गुंडाळून. नवरदेवाला वाटलं मिक्सर आहे, आणि त्यानं तो फोटोसाठी एका हातानं उचलायला घेतला. त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत नवरदेव मनगट धरून उभा आहे. वस्तीत तर घरोघर ठोकळे पोचले. उन्हाळ्यात कूलर निघाले तेव्हा लक्षात आलं की गल्लीतला प्रत्येक कूलर चंद्रभानभाऊंच्या ठोकळ्यांवर उभा आहे.

पण कूलरखाली ठोकळा ठेवणं वेगळं आणि त्याची भिंत बांधणं वेगळं. कारखान्याचा माल फुटपाथाला जाई, नालीच्या काठाला जाई, शाळेच्या कंपाउंडला जाई. घर मात्र त्याचं कोणी बांधत नव्हतं. मिनलमॅडम बांधकामवाल्यांना भेटून भेटून दमल्या होत्या. वस्तीतले जुने ठेकेदार महादेवराव यांनी तर एका रविवारी, विहारात वंदना आटोपून माणसं बाहेर चपला शोधत असताना, सगळ्यांसमोर निकालच दिला.

"पायाखाली टाकाले ठीक आहे, चंद्रभान. पन जे पायाखाली टाकाचं थे डोक्यावर कायले घेता गा?"

माणसं हसली. चंद्रभानभाऊंच्या हातात एक चप्पल होती. ती खाली टाकत ते म्हणाले की पुढच्या महिन्यात त्यांचं जुनं घर पडणार आहे, नवं उभं राहणार आहे, आणि ते नखशिखांत याच ठोकळ्यांचं असेल. महादेवरावांनी तेव्हा आतून भिंतीवर टकटक करून पाहावं. बोलून झाल्यावर त्यांना दुसरी चप्पल सापडली, आणि तेवढ्यात हेही आठवलं की जयवंताबाईंना यातलं काही विचारलेलं नाही.

घरी येऊन त्यांनी हळूच विषय काढला. जयवंताबाई वांगी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं की घर लाल विटांचं होईल.

चंद्रभानभाऊंनी समजावून पाहिलं. मजबुती सांगितली, पर्यावरण सांगितलं, मिनलमॅडमचं शिक्षण सांगितलं. बाईंनी विळीवरचं वांगं बाजूला ठेवलं.

"त्या ठोकळ्यात कोनाकोनाचं घर आहे?"

"सगळ्या शहराचं आहे."

"मंग त्याच्यात थो घरजावई आहे. बायकोले उपाशी ठेवनारा मास्तर आहे. देव्हाऱ्यामागं भावाची चिठ्ठी लपवनारी थे नणंद आहे. या सगळ्यायले मी माह्या सैपाकघरात आनून बसवू?"

चंद्रभानभाऊ म्हणाले की आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, असल्या गोष्टी आपण मानत नाही.

"मी भूत म्हनून राहिली का?" जयवंताबाई म्हणाल्या. "मी तुमच्या तोंडून ऐकलेलं म्हनून राहिली. सांगाले कोनी सांगतलं होतं?"

इतकी वर्षं ताटावर बसून त्यांनी स्वतःच्याच हातानं हा पेच घातला होता. दुसऱ्या कोणाच्या बायकोला मलबा म्हणजे मलबा दिसला असता. यांच्या बायकोला त्यात माणसं दिसत होती, नावगावासकट. आणि लाल विटांची गाडी दारात लागली, तर महादेवराव विहाराच्या पायरीवर काय म्हणतील, हे चंद्रभानभाऊंना त्यांच्याच आवाजात ऐकू येऊ लागलं. मिनलमॅडमचं तोंड दिसू लागलं. दोन रात्रींची झोपही गेली.

तिसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. सुखी घरांचा मलबा वेगळा काढला तर? ज्या घरांत माणसं गोडीनं राहिली, हसली, नांदली, फक्त त्याच घरांचे ठोकळे आपल्या भिंतीला. जयवंताबाईंनी चिरलेली भाजी कढईत लोटली. मग म्हणाल्या की तसं असेल तर पाहू, पण भेसळ चालणार नाही.

कारखान्याच्या आवारात, कडुलिंबाच्या बाजूला, चंद्रभानभाऊंनी एक कोपरा झाडून घेतला. तिथं सुखी घरांचा ढीग सुरू झाला.

ट्रकवाल्यांना हा प्रकार नवीन होता. विक्रम नावाचा एक ड्रायव्हर रोज दोन-तीन खेपा आणायचा. फाटकात त्याला चंद्रभानभाऊंनी विचारलं, घर कसं होतं. तो म्हणाला, दुमजली. ते नाही, चंद्रभानभाऊ म्हणाले, माणसं कशी होती. विक्रमनं इंजिन बंद केलं. एवढा विचार करण्याची वेळ त्याच्यावर आजवर आली नव्हती. पण हळूहळू त्याला गोडी लागली, आणि तो माल भरतानाच शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून माहिती काढू लागला. एका बंगल्याच्या मालकानं फोनवर अभिमानानं सांगितलं की आमच्या घरात कधी कोणाचा आवाज चढला नाही. विक्रमनं खाजगीत खुलासा केला की ती माणसं एकमेकांशी बोलतच नव्हती. तो ट्रक दुसऱ्या ढिगाकडे गेला.

काही खेपांनी चंद्रभानभाऊंना फार छळलं. एक मंगल कार्यालय पडलं, त्याचा मलबा आला. आता हे सुखाचं म्हणावं की कसं? दुपारभर ट्रक उन्हात उभा राहिला. शेवटी त्यांनी ठरवलं की कार्यालयात माणूस सुखी असतो तो एकच दिवस, आणि तोही पंगत बसेपर्यंत. दुसरा ढीग. दाताच्या दवाखान्याला त्यांनी फाटकातूनच हात दाखवला. शाळेच्या दोन खोल्या आल्या, तेव्हा त्यांनी वर्गाच्या भिंती दुसऱ्या ढिगात टाकल्या आणि व्हरांडा सुखी ढिगात. शिकवण्या घेणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचं घर, कॅरमचा अड्डा असलेलं एक घर, आणि एका जोडप्याच्या दोन खोल्या, जिथं नवरा भाजी चिरायचा आणि बायको पेपर वाचून दाखवायची, हे सगळं कडुलिंबाखाली जमत गेलं.

मिनलमॅडमना वाटलं, काका मालाची प्रत पाहून वेगळं करत आहेत. त्यांना ते आवडलं. चंद्रभानभाऊ एवढंच म्हणाले की हा खास माल आहे. ते खोटं नव्हतं. त्या ढिगाची पहिली खेप निघाली, तेव्हा ठोकळे एरवीसारखे राखाडी नव्हते. त्यांना फिकट गुलाबी झाक होती, उन्हाळ्यातल्या पहाटेच्या आभाळासारखी. एक ठोकळा टॉवेलात गुंडाळून त्यांनी घरी नेला. जयवंताबाईंनी त्यावरून हात फिरवला, वास घेतला, आणि कोणाकोणाचं घर आहे ते विचारलं. चंद्रभानभाऊंनी सांगितलं. भाजी चिरणाऱ्या नवऱ्यापाशी त्या जरा थांबल्या.

"रंग बरा आहे," त्या म्हणाल्या. होकार होता तो.

मग जुनं घर पडलं. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर. चंद्रभानभाऊंच्या मायनं, भीमाबाईनं, हातानं लिंपलेल्या भिंती, आणि त्यांवर जयवंताबाईंनी नंतर दिलेला हिरवा डिस्टेंपर. भीमाबाई असेपर्यंत त्या दोघींचं सैपाकघरात कधी जमलं नाही, आणि भीमाबाई गेल्यावर जयवंताबाईंना त्याच सैपाकघरात भिंतीशी भांडताना चंद्रभानभाऊंनी ऐकलं होतं. पोरं दोन्ही तिथंच झाली. पायलचं लग्न तिथूनच लागलं. शेजारच्या गोपिकाबाईंकडे एक खोली मिळाली होती, तिथं सामान हललं. घण आता दुसऱ्याच्या हातात होता, पण रीत चुकवणं चंद्रभानभाऊंच्या जिवावर आलं. रिकाम्या खोलीत ते उकिडवे बसले आणि बायकोकडे त्यांनी पाणी मागितलं.

जयवंताबाईंनी आणून दिलं. ते घोट घोट पिऊ लागले. सवयीनं वाट पाहू लागले. पाणी देणारा आता बोलेल. जयवंताबाई उभ्या होत्या, हिरव्या भिंतीकडे पाहत. मग म्हणाल्या, लवकर प्या, वरण लागून राहिलं तिकडे.

तो मलबा विक्रमच्याच ट्रकमधून कारखान्यात आला. विक्रमनं खिडकीतून डोकं काढून, आता पाठ झालेला प्रश्न उलट विचारला. काका, हे कोणत्या ढिगात? चंद्रभानभाऊंनी कडुलिंबाकडे पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं. मग म्हणाले, सध्या इकडे भिंतीजवळ टाक. वरून त्यांनी एक ताडपत्री ओढली आणि चारी कोपऱ्यांवर ठोकळे ठेवले.

घात झाला तो पुढच्या आठवड्यात. पुरेसे पक्के झालेले गुलाबी ठोकळे मिनलमॅडमनी मजबुती मोजायच्या यंत्रात दाबून पाहिले. यंत्राचा काटा थोडा वर चढला आणि ठोकळा भुगा होऊन बसला. दुसरा बसला. तिसराही. मॅडमनी काकांना बोलावलं आणि विचारलं की हा माल आणलात कुठून. असल्या ठोकळ्यांचं घर सोडा, कंपाउंडही उभं राहणार नाही. यात सगळं मातीतलं बांधकाम, कच्च्या विटा, चुना. आणि तो दुसरा ढीग? तो तर लोखंड आहे. त्याच्या तोडीचा माल त्यांनी अजून पाहिला नव्हता.

चंद्रभानभाऊ कडुलिंबाखाली जाऊन बसले. विचार केल्यावर त्यांना त्यात काही नवल वाटेना. इतवारीतल्या धोंडबा आणि गोविंदा या भांड्यांच्या दुकानवाल्या भावांनी घराची वाटणी केली, तेव्हा सैपाकघराच्या बरोबर मधून भिंत घातली. मग एकाला वाटलं दुसऱ्याची बाजू जाड आहे, म्हणून त्यानं आपल्या बाजूनं आणखी एक थर चढवला. मग दुसऱ्यानं चढवला. ती एक भिंत पाडायला चंद्रभानभाऊंना सगळ्या घराइतका वेळ लागला होता. तिचा मलबा इतके दिवस नाल्याकाठी पडून होता, तो आता विक्रमच्या ट्रकमधून येऊन दुसऱ्या ढिगात गेला होता. आणि भाजी चिरणाऱ्या नवऱ्याच्या भिंतीला तर, विक्रम सांगत होता, पाडणाऱ्यांनी घण लावलाही नव्हता, खांदा लावला होता. गोडीनं राहणाऱ्या माणसांना जाड भिंतीची गरज कधी पडलीच नव्हती.

हे जयवंताबाईंना कसं सांगायचं? राखाडी ठोकळे वापरले तर त्या घरात पाऊल ठेवणार नाहीत. गुलाबी वापरले तर घरच त्यांच्यावर पाऊल ठेवील. घरी ते गप्प राहू लागले. गोपिकाबाईंच्या खोलीत ताटावर बसत, खाली मान घालून जेवत, उठत. जयवंताबाईंच्या पोळ्या चहूबाजूंनी नीट भाजल्या जाऊ लागल्या, आणि तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं की काहीतरी बिघडलं आहे.

एका सकाळी त्या गोपिकाबाईंना घेऊन ऑटोनं थेट कारखान्यात उतरल्या. चंद्रभानभाऊ धावत फाटकाशी येईपर्यंत मिनलमॅडम त्यांना भेटल्या होत्या, आणि मॅडमना आतलं काहीच ठाऊक नव्हतं. काकूंनी ठोकळे दाखवा म्हटलं, त्यांनी दाखवले. कोणता पक्का म्हटलं, तर त्यांनी दोन्ही हातांत दोन ठोकळे घेतले आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडले. राखाडी ठोकळा धप्पकन पडला आणि जागेवर बसून राहिला. गुलाबी ठोकळ्याचा गूळपापडीसारखा चुरा झाला.

जयवंताबाई चुऱ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी राखाडी ठोकळ्याकडे बोट केलं.

"हा कोनाच्या घरचा जी?"

खोटं बोलायला वेळ होता, पण चंद्रभानभाऊंना ते सुचलं नाही. "इतवारीतल्या दोघा भावायच्या," ते म्हणाले. "सैपाकघरातल्या भिंतीचा."

ती गोष्ट तीन रात्री चालली होती आणि तिन्ही रात्री पोळ्या करपल्या होत्या. जयवंताबाईंनी ठोकळा पायाच्या अंगठ्यानं ढकलून पाहिला. तो हलला नाही.

"अन् आपलं घर? थे कोनत्या ढिगात टाकलं?"

गोपिकाबाई एक पाऊल पुढे सरकल्या. त्यांनी ऑटोचं अर्धं भाडं दिलं होतं, आणि आता ते वसूल होणार असं त्यांना दिसत होतं. चंद्रभानभाऊ भिंतीकडे चालू लागले. ताडपत्रीचा कोपरा त्यांनी उचलला. हिरव्या डिस्टेंपरचे तुकडे होते. एकावर चुलीच्या धुराचा पट्टा होता, खिळ्याला अजून कॅलेंडरची दोरी लटकत होती. खाली भीमाबाईच्या बोटांच्या रेघा असलेली माती.

"हे काहून येगळं ठेवलं?"

"ठरून नाई राहिलं."

"काय ठरून नाई राहिलं?"

"कोनत्या ढिगात टाकाचं थे."

जयवंताबाई वळून त्यांच्याकडे पाहू लागल्या. मिनलमॅडमनी उगाचच हेल्मेट काढून पुन्हा घातलं.

"इतकी वर्सं माह्यासंग राहून तुमाले हे ठरवता नाई आलं?"

"सकाळी वाटे त्या ढिगात टाकाव," चंद्रभानभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले. "संध्याकाळी वाटे याच्यात टाकाव. जेवल्यावर पुन्हा वाटे, सकाळचंच बरोबर होतं."

मग जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. रडतात की काय म्हणून मॅडम पुढे आल्या, तर बाई हसत होत्या. हसता हसता त्या आपल्याच घराच्या ढिगावर टेकल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या की बरोबर आहे, त्यांनाही कधी ठरवता आलं नाही. एकदा तर माहेरी निघाल्या होत्या, पण डाळ भिजत घातलेली आठवली म्हणून परत फिरल्या.

मग त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि बाजारात भाव ठरल्यासारखं सांगून टाकलं.

"मिसळा सगळं. या भावायचं टाका, मजबूत आहेत. आपलं टाका. अन् थो सुखी ढीगबी टाका थोडा."

"थो कायले आता?"

"रंगाले," जयवंताबाई म्हणाल्या.

मिनलमॅडमना त्यातलं शेवटचं तेवढं कळलं. कशात किती घालायचं ते त्यांनी खेपेमागून खेप काढून ठरवलं. काटा पाहिजे तिथं चढला, आणि ठोकळ्याला गुलाबी नाही तरी उजेड पडला की कळेल इतकी झाक राहिली.

घर हिवाळ्याच्या तोंडावर उभं राहिलं. भन्तेजी आले, बुद्धवंदना झाली, खीर वाटली गेली. पियुष बुटीबोरीहून मित्रांना घेऊन आला. मिनलमॅडम बूट बाहेर काढून आत आल्या आणि ओल शोधल्यासारख्या कोपरेच पाहत बसल्या. महादेवरावांनी ठरल्याप्रमाणे भिंतीवर टकटक केलं, एकदा नाही, खोलीखोलीतून केलं, आणि बोटांचं हाड चोळत बसले. बांधकाम बरं आहे, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं की या भिंतीत नेमकं कोणाचं घर आहे.

चंद्रभानभाऊंनी तोंड उघडलं. हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून तर ते महिनाभर थांबले होते. पण तेवढ्यात आतून, सैपाकघरातून, बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. जयवंताबाई गॅसच्या ओट्याशी उभ्या राहून भिंतीवर हात ठेवून सांगत होत्या. इथून इथपर्यंत धोंडबा, इथून पुढं गोविंदा. मधल्या थराची गोष्ट त्या चंद्रभानभाऊंपेक्षा सावकाश सांगत होत्या, आणि धाकट्या गोविंदाचं तोतरेपण त्यांना जास्त चांगलं जमत होतं. गोविंदाच्या बायकोनं भिंतीला भोक पाडून जावेकडून विरजण घेतल्याचा भाग तर चंद्रभानभाऊंनीही कधी ऐकला नव्हता. ओट्यावरचं दूध उतू गेलं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

गोष्ट संपल्यावर गोपिकाबाईंनी चंद्रभानभाऊंना बाजूला घेतलं. त्यांना मागच्या कंपाउंडला ठोकळे पाहिजे होते, जाऊबाईंच्या बाजूचं कंपाउंड. पण साधे नकोत, त्या हळूच म्हणाल्या. निवडून भांडखोर द्या. महादेवरावांनी ते ऐकलं आणि घसा खाकरला. त्यांच्याही मुलाचं घर काढायचं होतं. तिथं सुनेचा प्रश्न होता, म्हणून त्यांना जरा नरम माल चालला असता, फक्त उभा राहिला पाहिजे.

चंद्रभानभाऊ खुर्चीवर बसले. कोणीतरी पाण्याचा गिलास हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. अर्ध्या उंचीवर, दाराच्या डावीकडे, एका ठोकळ्यात हिरव्या डिस्टेंपरचा कण चमकत होता. ते त्याच्याकडे पाहत राहिले. दुसरा घोट घेतला, तरी पाहत राहिले.

खोलीतलं बोलणं हळूहळू थांबलं. पियुषनं खीर खाली ठेवली. भिंतीला टेकून बसलेले दोघेजण सावरून पुढे सरकले.

जयवंताबाई सैपाकघरातून आल्या, त्यांनी खुर्ची नवऱ्यासकट रस्त्याकडे फिरवली आणि त्यांच्या हातात लाडू ठेवला.